गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा बदलून घरी आलेल्या पेशंटकडे जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधं लिहून देणं माझ्या हातात नाही, पण औषधांबद्दलचे प्रश्न मात्र सगळ्यात जास्त मलाच विचारले जातात, कारण डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटतात आणि मी रोज. इथली उत्तरं वाचून डोस ठरवू नका. डॉक्टरांना काय विचारायचं ते यातून कळेल.

ऑपरेशननंतर नक्की किती दुखतं? खरं सांगा.

बऱ्यापैकी दुखतं. यात हाडाची टोकं कापून त्यावर धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात, आजूबाजूचे स्नायू ताणले जातात, रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळलेला असेल तर मांडीही ठणकते. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी पेशंट फोनवरून सगळ्यांना "काही दुखत नाही हो" असं सांगत असतो, कारण भुलीचा आणि ब्लॉकचा (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा) असर असतो. खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. त्यात काही बिघडलं असं नाही, हे असंच असतं. दोन आठवड्यांत तो बराच ओसरतो आणि सहा आठवड्यांपर्यंत बहुतेक जण घरात व्यवस्थित फिरतात. सूज आणि संध्याकाळचा जडपणा तीन ते सहा महिने रेंगाळू शकतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, तीही घाबरायची गोष्ट नाही. तिथली बारीक नस कापताना जातेच.

आमच्या आई म्हणतात, "सहन करीन, पण गोळ्या नकोत." बरोबर आहे का?

नाही. आमच्या पिढीच्या आई-आजींना दुखणं अंगावर काढण्याचा अभिमान असतो. इथे तो महागात पडतो. दुखतं म्हणून गुडघा वाकवला नाही, सरळ केला नाही, तर पहिल्या काही आठवड्यांत सांधा आखडतो आणि नंतर तो सोडवणं फार कठीण जातं. झोपून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उलट टोकाला असेही पेशंट असतात ज्यांना अजिबात दुखायला नको असतं. ते गोळ्या वाढवत जातात आणि गुंगीत व्यायामच करत नाहीत. मी दोघांनाही एकच माप सांगते: रात्री चार-पाच तास सलग झोप लागतेय का, वॉकर धरून संडासापर्यंत जाता येतंय का, आणि व्यायाम दात-ओठ खाऊन का होईना पण पुरा होतोय का. हे तिन्ही होत असेल तर औषध पुरेसं आहे. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं राहिलं तरी चालतं.

ओपिऑइड म्हणजे कोणत्या गोळ्या?

अफूच्या गटातली औषधं. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन, ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच, आणि आपल्याकडे गुडघ्याच्या पेशंटच्या चिठ्ठीत सर्रास दिसणारी दोन, ट्रामाडॉल आणि टॅपेन्टाडॉल. ती मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करतात. सूज कमी करत नाहीत, फक्त दुखण्याची जाणीव बोथट करतात. त्यासोबत मळमळ, उलटी, गरगरणं, गुंगी आणि बद्धकोष्ठता येते. सत्तरीच्या पेशंटला रात्री गरगरलं आणि तो संडासाच्या वाटेवर पडला, तर नव्या गुडघ्याचं काय होईल ते सांगायला नको.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून काही मुलं-मुली घाबरून फोन करतात. तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऑक्सिकोडोनसारख्या जोरदार गोळ्या महिना-महिना पुरतील एवढ्या घरी दिल्या गेल्या आणि त्यातून व्यसनाचं मोठं संकट उभं राहिलं. आपला इतिहास उलटा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं की कॅन्सरचे पेशंटसुद्धा तळमळत राहायचे. २०१४ साली कायदा बदलून ते थोडं सोपं झालं. म्हणून तिथली भीती जशीच्या तशी इथे आणू नका. पण ट्रामाडॉल म्हणजे साधी पेनकिलर, हा समजही सोडा. त्याचा गैरवापर वाढला म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तेही त्याच कायद्याखाली आणलं गेलं. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो तो उगाच नाही.

मग या गोळ्या कमी घेऊन दुखणं आटोक्यात कसं ठेवायचं?

एकाच जोरदार औषधावर भार न टाकता, वेगवेगळ्या जागी काम करणारी साधी औषधं थोडी थोडी द्यायची. आता जगभर हीच पद्धत आहे आणि मुंबईतल्या चांगल्या रुग्णालयांतही.

सुरुवात ऑपरेशन टेबलावरच होते. कमरेतून भूल देतात. नसेचा ब्लॉक देतात. आणि टाके घालण्याआधी सर्जन सांध्याभोवतीच्या मांसात बधिर करणाऱ्या औषधाचं मिश्रण टोचतात. या शेवटच्या गोष्टीचा मुंबईशी थोडा संबंध आहे. ऑक्टोबर २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेले सर्जन होते डॉ. चित्तरंजन रानावत. आपल्याकडे घराघरांत या ऑपरेशनचं नाव पोचलं ते त्या वेळी. सांध्याभोवतीच्या या इंजेक्शनांचा आणि अनेक औषधं मिळून दुखणं थोपवण्याचा जोरदार पुरस्कार करणाऱ्यांमध्ये रानावत यांचा न्यूयॉर्कचा गट होता.

वॉर्डात आल्यावर आणि घरी गेल्यावर पाया असतो पॅरासिटामॉलचा, घड्याळ लावून. त्याच्या जोडीला, किडनी आणि पोट धड असेल तर, सेलेकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिबसारखं सूज उतरवणारं औषध. शिवाय बर्फ, पाय उंच ठेवणं आणि हालचाल. एवढं करूनही जे उरतं त्यासाठी ट्रामाडॉल, तेही गरजेपुरतं आणि थोडे दिवस.

यातला 'घड्याळ लावून' हा भाग घरोघरी चुकतो. दुखेल तेव्हा घेऊ म्हणून पॅरासिटामॉल डब्यात पडून राहतं, मग रात्री बारा वाजता जीव नकोसा होतो आणि हात थेट ट्रामाडॉलकडे जातो. पहिले दहा-बारा दिवस उलटा हिशोब ठेवा. साधी औषधं वेळेवर, दुखो वा न दुखो. जोरदार औषध दुखलं तरच.

ब्लॉक म्हणजे काय? तो मागून घ्यावा लागतो का?

भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत मांडीच्या आतल्या बाजूला नसेजवळ औषध सोडतात. पूर्वी जांघेत ब्लॉक द्यायचे, त्यानं मांडीचा स्नायूच लुळा पडायचा आणि पेशंट उभं राहताना कोसळायचे. आता बहुतेक ठिकाणी मांडीच्या मध्यावर देतात. त्यात दुखणं जातं आणि स्नायूची ताकद बरीचशी राहते. तरी ब्लॉकचा असर आहे तोवर एकट्यानं उठायचं नाही.

साधा एका इंजेक्शनचा ब्लॉक साधारण बारा ते चोवीस तास चालतो. उतरतो तेव्हा धाडकन उतरतो. म्हणून नर्सला आधीच विचारून ठेवा की तो कधी उतरेल, आणि त्याच्या आत गोळ्या पोटात गेलेल्या असू द्या.

मागून घ्यावा लागत नाही, पण विचारावा जरूर. केईएम, सायन, नायर, जे. जे. ही शिकवणारी रुग्णालयं आहेत, तिथे भूलशास्त्राचे पूर्ण विभाग आहेत. ऑपरेशनआधीच्या तपासणीत "ब्लॉक देणार का, सांध्यात इंजेक्शन देणार का" हे दोन प्रश्न विचारले तर कोणी रागावत नाही.

पॅरासिटामॉल तर साधी गोळी. त्यात काय जपायचं?

बेरीज. हा माझा आवडता विषय आहे, कारण इथे शिकली-सवरलेली माणसंही फसतात. आपल्याकडच्या बऱ्याच जोडगोळ्यांमध्ये (एकाच गोळीत दोन औषधं) पॅरासिटामॉल लपलेलं असतं. समजा सर्जननी डोलो ६५० दिवसातून चार वेळा दिली, झाले २६०० मिलिग्रॅम. फॅमिली डॉक्टरांनी सुजेसाठी झेरोडॉल-पी दोनदा दिली, त्यात प्रत्येकी ३२५, म्हणजे ६५०. आणि रुग्णालयानं दुखल्यास म्हणून अल्ट्रासेट (ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र) दिली होती, ती तीनदा घेतली, त्यातही प्रत्येकी ३२५, म्हणजे ९७५. एकूण ४२२५. धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा ४००० आहे. वय जास्त, अंगकाठी बारीक किंवा लिव्हर नाजूक असेल तर डॉक्टर ३००० किंवा त्याहून कमीवर थांबवतात. वर कोणी सर्दीची गोळी किंवा काँबिफ्लाम दिली तर विचारूच नका.

सगळ्या पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लागला तर लावा. सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवा.

पेनकिलरनं किडनी जाते म्हणतात. खरं आहे?

पॅरासिटामॉलनं नेहमीच्या डोसात नाही. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गटानं मात्र जाऊ शकते, विशेषतः रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) आधीच वाढलेलं असेल, मधुमेह जुना असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि सोबत लघवीचं औषध चालू असेल तर. पाणी कमी पडलं की धोका वाढतो, आणि संडासाला उठावं लागू नये म्हणून आपल्या बायका पाणी पीत नाहीत हे मी रोज बघते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि अल्सरवाल्यांनी ही औषधं स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, तिच्या जोडीला पोटातून रक्तस्राव होण्याची भीतीही असते. काळी, डांबरासारखी शी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

संकष्टी आणि श्रावणी सोमवार यांचं काय करायचं, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. या गटातली गोळी रिकाम्या पोटी नको. उपास करायचाच असेल तर दूध-केळं, राजगिऱ्याचा लाडू, काहीतरी पोटात जाऊ द्या आणि मग गोळी. माझं मत विचाराल तर पहिला महिना देव सूट देईल.

ट्रामाडॉल लिहून दिलं आहे. घेऊ की नको?

गरज पडली तर घ्या. डॉक्टरांनी दिलेला डोस, ठरवलेल्या दिवसांपुरता. पण त्याआधी या गोष्टी त्यांना सांगितल्यात ना, ते बघा. कधी फिट आली होती का. डिप्रेशनची गोळी चालू आहे का, कारण काहींबरोबर ट्रामाडॉलचं वाकडं आहे. झोपेत मोठ्यानं घोरून श्वास अडकतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपेची गोळी.

अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेणारे ज्येष्ठ नागरिक मुंबईत प्रत्येक सोसायटीत आहेत, आणि "तुमची कोणती औषधं चालू आहेत" असं विचारलं की ते बीपी-शुगरची नावं सांगतात, हिचं सांगत नाहीत. तिला ते औषध मानतच नाहीत. ही गोळी आणि ट्रामाडॉल एकत्र आलं की श्वास मंदावू शकतो. दारूचंही तेच. वडील संध्याकाळी एक पेग घेतात हे डॉक्टरांसमोर सांगायला लाजू नका.

प्रीगॅबॅलिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दलही विचारा. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या अनेकांना ती आधीपासून चालू असते, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या नावानं पुन्हा लिहिली जाते. दुप्पट गुंगी येते.

सवय लागेल का?

तीन-चार दिवस किंवा आठवडाभर घेऊन सहसा नाही. लक्ष ठेवायचं ते यावर: दुखणं कमी होतंय पण गोळी चालूच आहे, "ती घेतली की बरं वाटतं" असं ऐकू येतंय, किंवा संपल्यावर दुसऱ्या मेडिकलमधून आणली जातेय. काही आठवडे रोज घेतली असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू उतरवून देतील.

ऑपरेशनच्या आधीच कित्येक महिने ट्रामाडॉल घेत असलेल्यांना नंतर दुखणं आवरणं जास्त कठीण जातं. तुमचं तसं असेल तर तारीख ठरवण्याआधीच सर्जनना सांगा.

बर्फ की शेक? मालिश चालेल का?

पहिले काही आठवडे बर्फ. पिशवीत बर्फाचे खडे, भोवती पातळ टॉवेल, १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा आणि व्यायामानंतर हमखास. मधुमेहानं पाय बधिर असतील तर मधूनमधून कातडीचा रंग बघा. ओव्याची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी सध्या कपाटात. ताज्या जखमेवर बाम, तेल, लेप काहीही नको. आणि पोटरीला मालिश तर अजिबातच नाही. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मालिशवाल्या बाईंना पहिले दोन-तीन महिने सुट्टी द्या.

उशी गुडघ्याखाली ठेवली की फार बरं वाटतं.

माहीत आहे. म्हणूनच मी आल्या आल्या ती काढून घेते. वाकलेल्या अवस्थेत सांध्यावरचा ताण कमी होतो, पण तासन्‌तास तसं झोपलं तर गुडघा सरळ होणं बंद होतं. उशा टाचेखाली आणि पोटरीखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या.

तुम्ही आलात की जास्त दुखतं!

ऐकलंय. मी यायच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल घेऊन ठेवा, फरक जाणवेल. व्यायामानंतर दुखणं वाढलं आणि एक-दोन तासांत परत खाली आलं, तर ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल आणि सूजही जास्त असेल तर जोर जास्त झाला, तेव्हा मला सांगा, मी कमी करीन. घोट्याची वर-खाली हालचाल मात्र दर तासाला, मी असो वा नसो.

रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

पहिल्या महिन्यात हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. पॅरासिटामॉलचा शेवटचा डोस झोपताना येईल असं वेळापत्रक बसवा, त्याआधी बर्फ लावा, दुपारी तीन तास ताणून देऊ नका. ट्रामाडॉल घ्यायचंच असेल तर अनेकांना ते फक्त रात्रीपुरतं पुरतं. भेटायला येणाऱ्यांना आठच्या आत निरोप द्या. एका खोलीच्या घरात पेशंटच्या पायथ्याशी बसून मालिका बघणारे पाहुणे हे माझ्या मते झोप न लागण्याचं एक मोठं कारण आहे.

गिरगावात तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरी कसं न्यायचं?

रुग्णालयातून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी झालेली हवी. टॅक्सीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसवा, मुंबईच्या खड्ड्यांत मागच्या सीटवर पाय दुमडून बसणं म्हणजे शिक्षा. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. हे रुग्णालयातच फिजिओकडून दोनदा करून घ्या. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा, चाळीत एवढं कोणीही करतं. एकदा वर गेलात की टाके काढायला जाईपर्यंत खाली उतरायची घाई नको.

पोट साफ होत नाही.

ट्रामाडॉल, कमी हालचाल आणि लोहाच्या गोळ्या, तिन्ही मिळून हा त्रास देतात. ट्रामाडॉल सुरू झालं त्याच दिवशी इसबगोल भरपूर पाण्यासोबत सुरू करा, किंवा डॉक्टरांना पातळ औषध विचारा. चार दिवस थांबू नका. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

हळदीचं दूध, पायाचं सूप?

आवडत असेल तर प्या. दुखणं त्यानं जाणार नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती डाळ, अंडी, मासे, पनीर कशातूनही येतील. गुग्गुळ किंवा इतर काढे-गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालतात का ते विचारा.

मुलाचं लिगामेंटचं ऑपरेशन आहे. त्यालाही हेच लागू?

बरंचसं. दुर्बिणीतून केलेलं असल्यामुळे दुखणं लवकर उतरतं. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून वापरली असेल तर मांडी मागून ओढल्यासारखी दुखते. पोरं ट्रामाडॉल घेऊन बाइक चालवायला निघतात, त्यांना अडवा.

कधी लगेच फोन करायचा?

पोटरी एकदम सुजली, टणक झाली. छातीत दुखतंय किंवा धाप लागतेय, तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी. ताप आणि थंडी, जखमेतून पाणी किंवा पू. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलं. पाऊल वर उचलता येत नाही. पेशंट हाका मारूनही नीट जागा होत नाही, श्वास संथ वाटतोय. यांतलं काहीही झालं तर गोळी वाढवून वाट बघत बसू नका.

चार महिने झाले, अजून दुखतंय. गोळी बदलून घेऊ?

आधी कारण शोधा. जंतुसंसर्ग, सांधा नीट न बसणं, आखडलेला स्नायू, नसेचं दुखणं, किंवा चक्क कमरेतून येणारी कळ. साधारण दहा-वीस टक्के पेशंटना गुडघा बदलल्यावरही काही ना काही दुखणं राहतं, आणि ते मनाचे खेळ नसतात. सर्जनकडे परत जा, एक्स-रे करा, लागलं तर पेन क्लिनिकचा सल्ला घ्या. या टप्प्यावर महिनोन्‌महिने ट्रामाडॉल घेत राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

उरलेल्या गोळ्यांचं काय करू? शेजारच्या काकूंचाही गुडघा दुखतो.

काकूंना देऊ नका. त्यांना फिट येते का, त्या रात्री कोणती गोळी घेतात, तुम्हाला माहीत नाही. ट्रामाडॉलच्या उरलेल्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत मिसळा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. तोवर नातवंडांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.